कुररीचे घरटे : ‘अनभिष्वंग’ शब्दाचा अभ्यास

(गीता-स्वाध्याय : अध्याय १३, श्लोक ९)

पाठाचा विषय

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात सातव्या श्लोकापासून अकराव्या श्लोकापर्यंत भगवंतांनी वीस गुण सांगितले आहेत आणि त्या सर्वांना मिळून ‘ज्ञान’ असे नाव दिले आहे. अमानित्वापासून सुरू झालेले हे निरूपण नवव्या श्लोकापाशी आले म्हणजे गृहस्थाश्रमी वाचक थबकतो. तेथपर्यंत सांगितलेले नम्रता, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा, शुचिता हे गुण अंगी बाणणे कितीही कठीण असले, तरी ते चांगले आहेत याविषयी त्याच्या मनात शंका नसते. नवव्या श्लोकात मात्र पुत्र, पत्नी आणि घर यांचा नामनिर्देश करून त्यांच्या ठिकाणी असक्ती आणि अनभिष्वंग असावा, असे सांगितले आहे. येथे आईबापांचे अंतःकरण विचारते, ‘ज्या लेकराला रात्रीचा दिवस करून वाढविले, त्याच्यावर माया करू नये, असे का भगवंत सांगतात? आणि तसे असेल, तर संसारात राहून गीता वाचण्याचा उपयोग काय?’

हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुले दूरदेशी जातात आणि भरलेले घर एका दिवसात रिकामे होते. काही आईबाप त्या दुःखाने खचतात. काही जण मुलाला जाऊच देत नाहीत. आणि काही जण, गीतेने अलिप्त राहावयास सांगितले आहे असे म्हणून, मुले लहान असतानाच त्यांच्याकडे पाठ फिरवितात. या तिघांच्याही हातून श्लोकाचा अर्थ निसटतो. प्रस्तुत पाठात त्या अर्थाचा विचार आपण एका पक्ष्याच्या घरट्याच्या साहाय्याने करू.

शब्दविचार

हा श्लोक मराठीत उतरविताना भाषांतरकाराची अडचण होते ती अशी, की श्लोकात शब्द दोन आहेत आणि मराठीत हाताशी येणारा शब्द एकच आहे. दोहोंसाठी ‘अनासक्ती’ असे लिहून पुढे जाणे सोपे. परंतु गीतेत व्यर्थ द्विरुक्ती नाही, अशी ज्याची श्रद्धा आहे त्याला ते समाधान देत नाही.

‘सक्ती’ म्हणजे चिकटणे. भाष्यकार श्रीशंकराचार्यांनी तिचा अर्थ विषयांच्या ठिकाणी वाटणारी केवळ प्रीती, एवढाच केला आहे. ‘अभिष्वंग’ हा त्या सक्तीचाच एक विशेष प्रकार होय. त्याचे लक्षण सांगताना आचार्य म्हणतात की, दुसऱ्याशी आपण एकच आहोत अशी भावना होऊन त्याचे सुख तेच माझे सुख, त्याचे दुःख तेच माझे दुःख, तो जगला तरच मी जगलो आणि तो गेला की मीही गेलो, असे वाटू लागणे म्हणजे अभिष्वंग. धातुपाठात ‘ष्वञ्ज’ या धातूचा अर्थ परिष्वंग, म्हणजे आलिंगन, असा दिला आहे. तेव्हा मिठी हा या शब्दाचा गाभा होय. परंतु मिठीमिठीत भेद आहे. एक मिठी ऊब देते आणि वेळ आली की सुटते. दुसरी मिठी सुटतच नाही. तीत धरणारा आणि धरलेला दोघेही गुदमरतात. ‘अन्’ या निषेधाने भगवंत बाजूला सारतात ती ही दुसरी मिठी.

इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगताना श्रीज्ञानेश्वर महाराजांनी या श्लोकावर बिऱ्हाडात उतरलेल्या वाटसरूचा, वाटेत लाभलेल्या झाडाच्या सावलीचा आणि झाडाखाली येऊन बसलेल्या गुरांचा दृष्टांत योजिला आहे. त्यातील शेवटचा दृष्टांत संततीविषयी आहे व तो विशेष मनन करण्याजोगा आहे. झाड गुरांना हाकलून देत नाही, त्यांच्यावरची सावली आखडून घेत नाही. आणि ती उठून निघाली म्हणजे त्यांच्या पायांत मुळेही गुंतवीत नाही. सावली पुरी दिली आहे, पण दावे बांधलेले नाही. अनभिष्वंगाची ही पहिली ओळख मनात धरून पुढे जाऊ.

अवधूताचे दोन पक्षिगुरू

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात भगवान् श्रीकृष्ण उद्धवाला अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद सांगतात. त्या अवधूताने चोवीस गुरू केले होते. एकनाथ महाराजांनी काशीक्षेत्रात याच स्कंधावरील आपली टीका पूर्ण केल्यामुळे ही गुरुमालिका मराठी श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तीतील आठवा गुरू कपोत आणि अठरावा गुरू कुरर. दोघेही पक्षी, पण त्यांनी दिलेले धडे परस्परांच्या उलट आहेत.

कपोत आणि कपोती यांचा आपल्या पिल्लांवर अतिशय जीव होता. एके दिवशी ती चारा आणावयास गेली असता पारध्याने पिल्लांना जाळ्यात पकडले. परत आलेल्या कपोतीने ते पाहिले, आक्रोश केला आणि ती आपण होऊन जाळ्यात शिरली. तिच्यामागून कपोतही शिरला. पारधी सर्वांना घेऊन गेला. ‘तो गेला की मीही गेलो’ हे जे अभिष्वंगाचे लक्षण आचार्यांनी सांगितले, ते या कथेत अक्षरशः मूर्त झाले आहे. कपोताच्या प्रेमाने पिल्लांचे बंधन तसूभरही सैल झाले नाही. फक्त बांधल्या गेलेल्यांची संख्या वाढली.

कुरराची कथा लहान आहे. त्याच्या चोचीत मांस होते; ज्यांच्यापाशी नव्हते असे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने मांस टाकून दिले आणि तो सुखी झाला. महाभारताच्या शांतिपर्वातील बोध्यगीतेतही ययातीला उपदेश करणाऱ्या बोध्य ऋषीने आपल्या सहा गुरूंत कुरराची गणना केली आहे.

येथे एक कुतूहलाची गोष्ट लक्षात येते. आमच्या महाकाव्यांत शोकाकुल स्त्रीला उपमा द्यावयाची असली म्हणजे ती बहुधा कुररीची दिली जाते. कवींनी या पक्ष्याच्या आर्त स्वरात शोक ऐकला, तर अवधूताने त्याच पक्ष्याकडून सोडून देणे शिकून घेतले. कुररीच्या घरट्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात काय, हे आता पाहावयाचे आहे.

कुरर पक्षी कोणता?

अमरकोशाने ‘उत्क्रोश’ आणि ‘कुरर’ हे समानार्थी शब्द दिले आहेत. संस्कृतातील पक्षिनामे पुष्कळदा एकाहून अधिक पक्ष्यांना लागू पडतात, हे मान्य करूनही अनेक अभ्यासक कुरर म्हणजे पाश्चात्य पक्षिशास्त्रात ज्याला ऑस्प्रे म्हणतात तो मत्स्याहारी शिकारी पक्षी, असे मानतात. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे, डोळ्यांवरून मागे गेलेला काळसर पट्टा आणि पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे दीड मीटर, अशी त्याची खूण आहे. तो जवळजवळ केवळ माशांवर जगतो. पाण्यावर घिरट्या घालीत मासा दिसला की पाय पुढे करून तो झेप घेतो. निसरडा मासा सुटू नये म्हणून त्याच्या तळव्यांवर बारीक काटे असतात आणि बाहेरचे बोट मागे वळविता येते. अवधूताने पाहिलेला प्रसंगही कल्पनेतला वाटत नाही; कारण मोठे गरुड या पक्ष्याचा पाठलाग करून त्याला पकडलेला मासा टाकावयास लावतात, असे निरीक्षकांनी अनेकदा पाहिले आहे.

हिवाळ्यात हा पक्षी भारतात येतो. उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ, तसेच कोकण-गोव्याच्या खाड्यांवर तो पायांत मासा धरून उडताना दिसतो. परंतु तो येथे पाहुणा असतो. उन्हाळा लागला की उत्तरेकडे निघून जातो. म्हणून आपल्याकडच्या मनुष्याला शिकार करणारा कुरर दिसतो, पण पिल्लाला घास भरविणारी कुररी दिसत नाही. तिचे घरटे पाहावयाचे तर उत्तरेकडील थंड प्रदेशांत गेले पाहिजे. अशा घरट्यांपैकी ज्याचा इतिहास बारकाईने नोंदलेला आहे, असे एक घरटे स्कॉटलंडमध्ये आहे. आता आपण तेथे जाऊ.

अंडी चोरणारा आणि अंडी राखणारे

स्कॉटलंडमध्ये एके काळी कुरर पुष्कळ होते. बंदुकीची शिकार आणि अंडी जमविण्याचा छंद या दोहोंमुळे ते कमी होत गेले आणि १९१६ नंतर तेथे त्यांचे ज्ञात घरटे उरले नाही. पुढे १९५४ मध्ये एक जोडपे परत आले, अशी नोंद आहे. उत्तर स्कॉटलंडच्या अरण्यात लॉक गार्टन नावाचे सरोवर आहे. त्याच्या परिसरातील पाइन वृक्षावर या पक्ष्यांनी घरटे बांधिले. १९५८ मध्ये एका रात्री अंडी जमविणारा एक मनुष्य पहारा चुकवून झाडावर चढला, घरट्यातील अंडी त्याने नेली आणि त्यांच्या जागी कोंबडीची रंगविलेली अंडी ठेविली.

या मनुष्याच्या मनाचा विचार करण्यासारखा आहे. त्याला त्या अंड्यांचा तिटकारा नव्हता. उलट, त्यांची विलक्षण ओढ होती. त्यासाठी त्याने अंधारात उंच झाड चढण्याचे धाडस केले. अशी अंडी आतून पोकळ करून कापूस घातलेल्या खणांत मांडून ठेवावयाची, हा त्या छंदाचा रिवाज. खणातले अंडे फुटत नाही, भिजत नाही, कोणी पळवीत नाही. ते अत्यंत सुरक्षित असते; मात्र त्यातून पिल्लू कधीच बाहेर येत नाही. अभिष्वंगाचे याहून स्पष्ट चित्र शोधूनही सापडणार नाही. ज्याला आपण धरून ठेवितो, त्याच्यातले जे वाढावयाचे असते तेच आपण आधी काढून टाकतो.

पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, तेथील पक्षिसंरक्षणाच्या रॉयल सोसायटीने जॉर्ज वॉटरस्टन यांच्या पुढाकाराने घरट्याभोवती अहोरात्र पहारा ठेविला. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती त्या काळी धाडसाची वाटली. घरट्याचे ठिकाण गुप्त न ठेविता त्यांनी लोकांना दुरून दुर्बिणीतून पाहावयास बोलाविले. त्या एका हंगामात सुमारे १४,००० लोक आले. घरट्यातून तीन पिल्ले उडाली. आज स्कॉटलंडमध्ये कुररांची शेकडो जोडपी घरटी करितात.

पहारेकऱ्यांनी रात्री जागून काढल्या. पण पिल्ले उडाली तेव्हा त्यांच्या पायांत दोरी बांधली नाही. ते राखीत होते ते पिल्लाचे उडणे. राखणे आणि धरून ठेवणे यांतील अंतर ज्याला कळले, त्याला या श्लोकाचा अर्धा अर्थ कळला.

पिल्लाची वाढ

आता अशा घरट्यांवर कॅमेरे बसविलेले असतात आणि घरबसल्या ते घरटे दिवसरात्र पाहता येते. त्या निरीक्षणांवरून पिल्लाच्या वाढीचा क्रम असा दिसतो.

कुररी एप्रिलमध्ये बहुधा तीन अंडी घालते. ती एकाच दिवशी घातलेली नसतात. दोहोंमध्ये एक ते तीन दिवसांचे अंतर असते. सुमारे पाच ते सहा आठवडे अंडी उबविली जातात. त्यात कुररही अधूनमधून बसतो, परंतु अधिक भार कुररीचा. पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याला स्वतःची मानही सावरता येत नाही. अंगावर विरळ लव असते व त्या लवेने थंडी आवरत नाही. अशा वेळी कुररी त्याला पोटाखाली घेऊन बसते. पाऊस आला तर पंख पसरून त्याच्यावर छप्पर धरते; ऊन तापले तर त्याच पंखांची सावली करिते. स्वतः भिजते, पण उठत नाही.

मासे आणण्याचे काम कुरराचे. तो पुष्कळदा माशाचा डोक्याकडील भाग स्वतः खातो आणि उरलेला घरट्यात आणून देतो. कुररी त्याचे अगदी बारीक तुकडे करून पिल्लाच्या चोचीपुढे धरते. माशाचे सबंध शरीर फाडणारी ती बाकदार चोच, जिच्या एका आघाताने ते पिल्लू मरेल, ती तांदळाच्या दाण्याएवढा घास किती हलकेपणाने पुढे करिते, हे पाहणाऱ्याने विसरू नये. ज्यांना अनासक्ती म्हणजे कोरडेपणा वाटतो, त्यांनी हे पहिले दोन आठवडे ध्यानात ठेवावेत.

दहाबारा दिवसांनी पहिली लव जाऊन काळपट लव येते आणि पिल्लू काहीसे सरड्यासारखे, कुरूपच, दिसू लागते. पुढे पिसांचे कोंब फुटतात. घार किंवा गरुड वरून गेला आणि आईने इशारा दिला की पिल्ले घरट्याच्या तळाशी इतकी सपाट निजतात की काटक्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. चौथ्यापाचव्या आठवड्यात अंग पिसांनी भरते आणि आई पोटाखाली घेणे थांबविते. घरट्याच्या कडेला किंवा शेजारच्या फांदीवर बसून ती लक्ष ठेविते. आता ऊब नको, राखण हवी. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू स्वतः मासा फाडू लागते. आता घास नको, मासा हवा.

सातव्या आठवड्यात पिल्लू घरट्याच्या कडेला उभे राहून वाऱ्याकडे तोंड करून पंख मारिते. प्रथम पाय काटक्यांना घट्ट धरून असतात. मग एके दिवशी ते हातभर वर उचलले जाते आणि घाबरून पुन्हा बसते. पन्नास ते पंचावन्न दिवसांचे झाले की एक क्षण असा येतो की ते बसत नाही, उडून जाते. उडण्यापेक्षा परत येऊन घरट्यावर उतरणे त्याला पहिल्या दिवशी अधिक अवघड जाते. तरी ते येते. पुढचे काही आठवडे ते येथेच मासा मागते आणि बाप आणून देतो.

या क्रमात एक नियम दिसून येतो. ऊब, घास, राखण, मासा यांपैकी प्रत्येक सेवा गरज असेपर्यंत पूर्ण दिली जाते आणि गरज सरली की काढून घेतली जाते. पहिल्या आठवड्यात जी माता उठून गेली असती तर पिल्लू मेले असते, ती सहाव्या आठवड्यातही पोटाखालीच धरून बसली असती, तर त्याचे पंख बळकट झाले नसते.

धाकटे पिल्लू

घरट्याचे सर्वच चित्र गोड नाही आणि गोड भाग तेवढा सांगणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही. अंडी वेगवेगळ्या दिवशी फुटतात; म्हणून थोरले आणि धाकटे यांच्या शक्तीत सुरुवातीला मोठे अंतर असते. मासे भरपूर असले तर सर्व जगतात. वादळी पावसाने पाणी ढवळले आणि बापाला मासा मिळेनासा झाला, तर थोरले पिल्लू धाकट्याला चोचीने मारून मागे ढकलते. आई बहुधा मध्ये पडत नाही. जे तोंड पुढे येते त्याला ती भरविते. धाकटे कधीकधी मरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मासा येतो आणि उरलेल्यांचे भरविणे चालू राहते.

दुरून पाहणाऱ्या माणसांना हे असह्य होते. ती पक्ष्यांना नावे देतात, त्यांची वाट पाहतात, त्यांच्यासाठी रडतात. इंग्लंडमधील रटलंड येथे एका घरट्यात वर्षानुवर्षे येणाऱ्या मादीला लोकांनी ‘माया’ असे नाव दिले. आपल्या कानांना ते नाव भलताच अर्थ सांगून जाते. पाहणाऱ्याचा हा कळवळा वाईट नव्हे; ते अंतःकरणाचे भूषण आहे. परंतु कपोत जेथे चुकला ती जागाही हीच. एक पिल्लू जाळ्यात गेले म्हणून ज्यांना अजून आपली गरज आहे त्यांना सोडून जाळ्यात उडी घेणे, हे प्रेमाचे शिखर नव्हे. मनुष्याने मृतासाठी शोक करावा. तो त्याच्या माणूसपणाचा धर्म आहे. पण शोक करीत असतानाही जिवंत मुलाच्या ताटात जेवण पडले पाहिजे. नवव्या श्लोकाच्या उत्तरार्धात भगवंत इष्ट आणि अनिष्ट या दोहोंच्या प्राप्तीत चित्ताची समता सांगतात, ती या ठिकाणी उपयोगास येते.

निरोप

ऑगस्ट महिन्यात कुररी घरटे सोडते. पिल्ले अजून त्या परिसरातच असतात. अंडी आणि पिल्ले यांच्या मागे तिने वसंत आणि उन्हाळा घालविलेला असतो. आता ती एकटीच दक्षिणेकडे निघून जाते. कुरर मागे राहतो आणि मुलांना मासे पुरवितो. काही दिवसांनी एक पिल्लू मासा मागावयास येत नाही. मग दुसरे येत नाही. मागणारे कोणी उरले नाही की बहुधा सर्वांच्या शेवटी तो निघतो.

स्कॉटलंडची ही पिल्ले सेनेगल, गांबिया, गिनी-बिसाऊ अशा पश्चिम आफ्रिकेतील देशांपर्यंत, सुमारे पाच हजार किलोमीटर दूर, जातात. वाट दाखविण्यास आई नसते, बाप नसतो. मासा कसा पकडावा हेही त्यांना कोणी समोर बसवून शिकविलेले नसते. पुष्कळशी वाटेत किंवा पहिल्या वर्षीच मरतात. जी जगतात, ती दोन-तीन वर्षांची होऊन आपल्या जन्मप्रदेशाकडे परत येतात.

आईबापांनी वाट दाखविलीच असेल, आपल्याला ती दिसत नसेल एवढेच, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर रटलंड येथे मिळाले. १९९६ ते २००१ या काळात स्कॉटलंडच्या घरट्यांतून ६४ पिल्ले तेथे आणून, ती माणसांना सरावणार नाहीत अशा बेताने खाऊ घालून, मोकळी सोडण्यात आली. त्यांच्याजवळ आईबाप मुळीच नव्हते. तरीही ती ऋतू येताच दक्षिणेकडे गेली आणि त्यांतील काही, ज्या ठिकाणाहून प्रथम उडाली होती, त्या रटलंडलाच परत आली. १९९७ साली आणलेल्या एका नराने २००१ मध्ये तेथे संसार मांडून पिल्लू वाढविले.

यावरून गृहस्थाने एक मर्म घ्यावे. आईबाप पंखांना बळ देतात. दिशा ते देत नाहीत. ती त्या जीवाबरोबरच आलेली असते. आपल्या मुलाची दिशा आपण ठरविली नाही तर तो हरवेल, ही भीती अभिष्वंगातून जन्मते.

प्रकृती आणि ज्ञान

येथे सावध वाचक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. पक्षी हे सर्व जाणून करितो काय? कुररी वैराग्य साधून दक्षिणेस जाते काय? नाही. तिसऱ्या अध्यायाच्या तेहेतिसाव्या श्लोकात भगवंतांनी सांगितले आहे की, प्राणी आपापल्या प्रकृतीच्या मार्गाने जातात. ऋतू पालटला म्हणजे कुररीच्या शरीरात जी हालचाल होते, तीच तिला नेते. तिने सोडले, असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्याकडून सुटले.

मनुष्याचे तसे नाही. त्याच्या मायेला ऋतू नाही. मुलगा चाळीस वर्षांचा झाला तरी ती पहिल्या दिवसाइतकीच ओली असते. तिला आठवण आहे, अपेक्षा आहे, अभिमान आहे. म्हणून पक्ष्याला जे प्रकृतीने मिळते ते मनुष्याला विचाराने मिळवावे लागते. भगवंतांनी अनभिष्वंग हा ज्ञानाच्या वीस लक्षणांत का गणिला, याचे उत्तर येथे सापडते. जो आपोआप होतो तो स्वभाव. ममता पूर्ण जागी असताना जो साधावा लागतो, तो ज्ञानाचा भाग होय.

म्हणून कुररीचे अनुकरण करावयाचे नाही. तिच्यासारखे धाकट्याला उपेक्षावयाचे नाही, आणि निघताना मागे न पाहण्याचा आव आणावयाचा नाही. अवधूतानेही कुरराचे अनुकरण करून मासे धरिले नाहीत. त्याने त्याच्यापासून एक तत्त्व घेतले आणि बाकीचे पक्ष्यापाशीच राहू दिले. गुरूकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे ओळखणे हाही शिष्यधर्मच आहे.

आचरण

तत्त्व समजले तरी घरात ते कसे वागवावे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी एक कसोटी पुरेशी आहे. मुलासाठी जे काही आपण करीत आहो, ते त्याच्या गरजेसाठी की आपल्या गरजेसाठी, असे प्रत्येक वेळी मनाला विचारावे. तान्ह्या लेकराला रात्री उठून जवळ घेणे ही त्याची गरज आहे. तेथे झोपेची सबब सांगून गीता पुढे करणे हा दंभ होय. विशीतल्या मुलाने कोणती विद्या घ्यावी, कोठे राहावे, कोणाशी संसार करावा, हे आपण ठरविणे ही पुष्कळदा आपली गरज असते. दूर गेलेल्या मुलीची खुशाली विचारणे हे प्रेम आहे. तिचा फोन एक दिवस आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तिला अपराधी वाटावे असे बोलणे हा अभिष्वंग आहे. कृती वरून सारखीच दिसते. आतली मिठी मात्र वेगळी असते.

दुसरी गोष्ट, सोडणे एकदम करावयाचे नसते. कुररीने ऊब आधी काढली, घास नंतर, राखण त्यानंतर. आणि बापाने शेवटचा मासा शेवटच्या मागणाऱ्यापर्यंत पुरविला. मुलाच्या वयाबरोबर आपल्या सेवेचे रूप बदलत न्यावे. ज्याने दर वर्षी थोडे थोडे सोडले आहे, त्याला निरोपाच्या दिवशी सर्वस्व गेल्यासारखे वाटत नाही. आणि डोळ्यांत पाणी आलेच, तर ते पुसण्याची घाई करू नये. अश्रू म्हणजे अभिष्वंग नव्हे. गाडी सुटल्यावर हात खिडकीच्या गजाला धरून ठेवणे म्हणजे अभिष्वंग.

स्वतः भगवंतांनी अर्जुनाशी कसे वर्तन केले, हे पाहिले म्हणजे या विषयाचा शेवटचा धडा मिळतो. रणांगणावर खचलेल्या आपल्या प्रिय सख्याला त्यांनी अठरा अध्यायांत काहीही द्यावयाचे राखून ठेविले नाही. आणि सर्व सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, त्यांनी त्याला असे सांगितले की, या सर्वांचा पूर्ण विचार करावा आणि मग आपल्या इच्छेप्रमाणे वागावे. जो ईश्वर आज्ञा करू शकत होता, त्याने निर्णय शिष्याच्या हाती दिला. त्यानंतरही तो रथावर सारथी म्हणून बसून राहिला. देणे पूर्ण, धरणे नाही, आणि सोबत सुटलेली नाही. आईबापांनी आपल्या घरात याच सारथ्याचा आदर्श ठेवावा.

मननासाठी प्रश्न

१. ‘असक्ती’ आणि ‘अनभिष्वंग’ यांतील भेद स्वतःच्या घरातील एकेका उदाहरणाने लिहा.

२. अंडी जमविणारा, अंडी राखणारे आणि कुररी, या तिघांच्या ओढीत काय अंतर आहे?

३. कपोताने पिल्लांवर प्रेम केले आणि कुररीनेही केले. एकाचे प्रेम जाळ्यात संपले व दुसरीच्या पिल्लाला आकाश मिळाले, ते कशामुळे?

४. गेल्या सात दिवसांत मुलांसाठी केलेल्या कोणत्याही तीन गोष्टी आठवा. त्या कोणाच्या गरजेसाठी होत्या?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥